‘पास्ड आऊट’ म्हणालो, आणि समोरची बाई हसली

‘मॅडम, नमस्कार. मी नाशिकला सिडकोत राहतो, अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे. गेल्या आठवड्यात इंग्लंडमधल्या एका कंपनीची ऑनलाइन मुलाखत झाली. बाईंनी सुरुवातीलाच शिक्षणाचं विचारलं. मी म्हणालो, “आय पास्ड आऊट फ्रॉम इंजिनिअरिंग कॉलेज इन ट्वेंटी ट्वेंटी टू.” त्या हसल्या आणि म्हणाल्या, “ओ डिअर, आय होप समवन कॉट यू!” मला काही झेपलं नाही. मी आपलं “थँक यू मॅम” म्हणून मोकळा झालो. पुढची मुलाखत चांगली गेली, दुसऱ्या फेरीचं बोलावणंही आलंय. पण हा किस्सा मी घरच्या ग्रुपवर टाकला आणि पुण्याच्या आत्तेभावाने लिहिलं की पास आऊट म्हणजे बेशुद्ध पडणं, हे गावठी इंग्लिश आहे. आता सगळे मला “बेशुद्ध” म्हणतात. बाबा पोलिसातून रिटायर झालेत. ते म्हणाले, अकॅडमीत पासिंग आऊट परेड होते, मी बंदोबस्ताला उभा राहून किती पाहिल्यात, मग ती काय बेशुद्धांची परेड असते का? त्यावर भाऊ म्हणाला, मामाला काय कळतंय. तेव्हापासून बाबा ग्रुपवर गप्प आहेत. खरं कोणाचं? बाईंना माफीचा मेल टाकू का? आणि पुन्हा शिक्षणाचं विचारलं तर काय सांगू? आता इंग्लिश बोलायला तोंडच उघडत नाही. – २०२२चा पासआऊट, सिडको’

प्रिय २०२२,

मेल टाकू नकोस. हे आधी सांगते, कारण तुझ्या पत्राचा सूर बघता मसुदा लिहून ड्राफ्टमध्ये ठेवलेला असणार. तो काढून टाक. बाईंनी गंमत केली, मुलाखत पुढे नेली आणि दुसऱ्या फेरीला बोलावलं. त्यांच्या लेखी तो विषय तिथेच संपला. आता तू ‘माझ्या चुकीच्या इंग्रजीबद्दल क्षमस्व’ असं लिहिलंस तर विसरलेली गोष्ट तूच त्यांच्यापुढे पुन्हा नेऊन ठेवशील. शिवाय ही माफी मागण्यासारखी चूक आहे का, याबद्दलच माझं मत वेगळं आहे.

आता अर्थाचं बघू. रोजच्या, घरगुती इंग्रजीत ‘पास आऊट’ म्हणजे शुद्ध हरपणं, हे आत्तेभावाचं म्हणणं खरं आहे. इंग्लंड-अमेरिकेत कोणालाही विचार, पहिल्यांदा हाच अर्थ सांगतील. पण नुसती चक्कर येणं वेगळं. डोळ्यांपुढे अंधारी आली, भिंतीला धरून उभं राहिलो, तर ते ‘आय फेल्ट डिझी’. माणूस खरंच कोसळला, हाक मारली तरी ओ देत नाही, तर ‘ही पास्ड आऊट’. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला उपाशीपोटी निघालेला एखादा वाटेत धाडकन खाली बसतो आणि मग आडवाच होतो, लोक तोंडावर पाणी मारतात, कांदा हुंगवतात. त्याचं वर्णन करायला हे क्रियापद अगदी नेमकं आहे. तो भानावर आला की ‘ही केम राउंड’ किंवा ‘ही केम टू’. हेच काम ‘फेंट’ हा शब्दही करतो, आणि तो जरा नीटनेटका आहे. ‘पास आऊट’ हा कट्ट्यावरचा. डॉक्टर केसपेपरवर सहसा तो लिहिणार नाहीत, पण पेशंटला ‘डिड यू पास आऊट?’ असं विचारतील. शुद्ध गेली होती का, हे सगळ्यांना कळेल अशा भाषेत विचारायचं तर हाच शब्द सोयीचा.

याच अर्थाला आणखी दोन फाटे आहेत. एक दारूचा. रात्रभर ढोसून सोफ्यावर आडवा झालेला माणूस ‘पास्ड आऊट ऑन द सोफा’. दुसरा निव्वळ थकव्याचा, आणि तो अमेरिकन बोलण्यात फार ऐकू येतो. दोन शिफ्ट मारून घरी आलो आणि बूट न काढता झोपलो, तर ‘आय जस्ट पास्ड आऊट’. इथे कोणी बेशुद्ध झालेलं नसतं, मेल्यासारखी झोप लागलेली असते. तेव्हा नाशिकचा मुलगा सांगू लागला की ‘आय पास्ड आऊट इन नाशिक’, आणि ऐकणाऱ्याला एवढंच ठाऊक असलं की नाशिक हे वाइनचं गाव, तर त्याने काय चित्र डोळ्यांपुढे आणावं? तुझ्या बाईंनी फक्त ‘कोणी सावरलं ना’ एवढंच विचारलं, हा त्यांचा सभ्यपणा.

पुस्तकी खुलासा एवढाच करते की शुद्ध हरपण्याच्या अर्थाने हे क्रियापद कर्म घेत नाही. कर्म आलं की अर्थ पार बदलतो. ‘पास आऊट द फॉर्म्स’ म्हणजे फॉर्म वाटून टाक. फॉर्मऐवजी ‘ते’ म्हणायचं असेल तर ‘देम’ मधे येतं, ‘पास देम आऊट’. हा वाटपाचा अर्थही अमेरिकेकडे जास्त चालतो, इंग्लंडमधला माणूस बहुधा ‘हँड आऊट’ म्हणेल. आणि एक गोंधळ मात्र चुकूनही करू नकोस, तो ‘पास आऊट’ आणि ‘पास अवे’ यांचा. आजोबा गेल्याचं कळवताना ‘पास्ड आऊट’ लिहिलंस तर समोरून ‘आता तब्येत कशी आहे?’ असं उत्तर येईल, आणि ते वाचायला घरात कोणाचीही तयारी नसेल.

आता बाबा. मी त्यांच्या बाजूने आहे, आणि दयेपोटी नव्हे. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा कोश उघड. ‘पास आऊट’ या नोंदीखाली बेशुद्धीनंतर दुसरा अर्थही मिळेल: लष्करी प्रशिक्षण संस्थेतला अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडणं. पुढे शेरा असतो, ब्रिटिश. म्हणजे हा अर्थ नाशिकच्या किंवा पुण्याच्या कुठल्या क्लासवाल्याने काढलेला नाही, साहेबाच्याच घरचा आहे. तिथे सैन्यातले, पोलिसातले, अग्निशमन दलातले लोक प्रशिक्षण संपवून ‘पास आऊट’ होतात आणि त्यांची ‘पासिंग आऊट परेड’ही होते. डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत छात्र संथ चालीने चेटवूड इमारतीच्या पायऱ्या चढतात, ‘अंतिम पग’ ओलांडतात आणि अधिकारी होतात. संस्थेतून रांगेने बाहेर पडायचं, तेही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. इथला ‘आऊट’ अक्षरशः खरा आहे.

आणि हे बाबांनी नाशकात सांगावं, यात नवल ते काय? या एका गावात किती परेडी! त्र्यंबक रोडला महाराष्ट्र पोलीस अकादमी, जिथून राज्याचे फौजदार तयार होतात. नाशिकरोडला तोपखाना केंद्र, तिथे आता अग्निवीरांच्या तुकड्या बाहेर पडतात. पलीकडे देवळालीत स्कूल ऑफ आर्टिलरी, गांधीनगरला सैन्याच्या हेलिकॉप्टर वैमानिकांची शाळा. पोलीस अकादमीतला तो कार्यक्रम बाबांनी बंदोबस्ताला उभं राहून पाहिलाय, त्यांना विचार. बँड, पांढरे हातमोजे, मंचावर मंत्री, मानाची तलवार घ्यायला पुढे आलेला एक जण, आणि मांडवात खुर्च्यांवर बसलेली गावाकडची आई, जिला दोनशे सारख्या टोप्यांत आपला कोणता ते काही केल्या सापडत नाही. निमंत्रणपत्रिकेवर मराठीत ‘दीक्षान्त संचलन’ असतं, पण पोलीस लायनीत कोणी तसं म्हणताना मी ऐकलेलं नाही. सगळे ‘पीओपी’ म्हणतात, पासिंग आऊट परेडचं ते लघुरूप. त्या माणसाला ‘तुला काय कळतंय’ म्हणणाऱ्या भावाने कोशाचं अर्धंच पान वाचलंय.

गंमत म्हणजे हे दोन्ही अर्थ एकाच मैदानावर भेटूही शकतात. जून २०२३ मध्ये लंडनला राजाच्या वाढदिवसाच्या संचलनाची रंगीत तालीम होती. अस्वलाच्या कातडीची ती उंच टोपी, लोकरी लाल डगला, वर तीस अंशांचं ऊन. तिथले काही सैनिक प्रिन्स विल्यमच्या समोर उभ्याउभ्या कोसळले. एकाच जागी ताठ उभं राहिलं की पायांकडे गेलेलं रक्त वर चढत नाही, मेंदूला कमी पडतं, आणि गडी आडवा. त्यांचं ते ‘पास आऊट’ होणं आणि आपल्या फौजदारांचं ‘पास आऊट’ होणं, दोन्ही शुद्ध ब्रिटिश इंग्रजी.

मग तुझं वाक्य कुठे अडलं? तू सैनिक नाहीस, फौजदारही नाहीस. इंग्लंडमध्ये हा अर्थ गणवेशापुरता राहिला. आपल्याकडे तो मैदानाबाहेर पडून कॉलेजात शिरला, मग आयटीआयत, मग बारावीच्या क्लासच्या फ्लेक्सवर. तो आपल्या तोंडात इतका चपखल का बसला, याचं मला वाटतं ते कारण सांगते. मराठी माणूस आधीच परीक्षा ‘पास’ होतो आणि कॉलेजातून ‘बाहेर पडतो’. दोन्ही जोडली की ‘पास आऊट’ आपोआप तयार. ते शिकवावं लागत नाही, कानाला परकंही वाटत नाही. म्हणून मी त्याला गावठी म्हणणार नाही. भारतभर कोट्यवधी शिकलेली माणसं ज्या अर्थाने एक शब्द रोज वापरतात, एकमेकांना बिनचूक कळतो, तो त्यांच्या इंग्रजीतला शब्दच झाला. आपला ‘प्रीपोन’ असाच हसण्यावारी नेला जायचा, आज तो ऑक्सफर्डच्या कोशात आहे. पण कोशात असो नसो, समोरच्याला तो शब्द दुसराच कळत असेल तर मुलाखतीत तोटा आपला. भांडण बरोबर-चूक असं नाहीच, ऐकणारा कुठला एवढंच बघायचं.

त्यामुळे अंबड-सातपूरच्या कंपनीच्या जाहिरातीत ‘ओन्ली २०२२ अँड २०२३ पासआऊट्स’ असं आलं तर तिथे मुकाट्याने पासआऊट हो. एचआरच्या मुलीला इंग्रजी शिकवायला जाऊ नकोस, फॉर्ममध्ये ‘इयर ऑफ पासिंग’ असेल तिथे साल भर आणि पुढे चल. बाहेरदेशी जाणाऱ्या रेझ्युमेतून आणि लिंक्डइनवरून मात्र ‘पास्ड आऊट’ काढून ‘ग्रॅज्युएटेड’ घाल. ‘आय ग्रॅज्युएटेड इन ट्वेंटी ट्वेंटी टू’ हे लंडनपासून सिडनीपर्यंत कुठेही चालतं. इतकं औपचारिक नको असेल तर ‘आय फिनिश्ड कॉलेज’ म्हण. फक्त तुझ्या डिप्लोमावाल्या मित्रांना सांग की इंग्लंडमध्ये ‘ग्रॅज्युएट’ पदवीलाच म्हणतात, त्यांनी ‘कम्प्लीटेड माय डिप्लोमा’ म्हणावं. अमेरिकेत शाळेतूनही माणूस ग्रॅज्युएट होतो, तो त्यांचा कारभार.

रेझ्युमे उघडलाच आहेस तर शोधात ‘फ्रेशर’ टाकून बघ. तुझा आता अनुभव झालाय, पण जुन्या फाइलमध्ये तो शब्द कुठेतरी राहिलेला असतो. आपल्याकडे फ्रेशर म्हणजे शिक्षण संपवून पहिली नोकरी शोधणारा. इंग्लंडमध्ये फ्रेशर म्हणजे कॉलेजात नुकता दाखल झालेला पोरगा, पहिल्या वर्षाचा. म्हणजे आपण जिथे संपवतो तिथे ते सुरू करतात. तसंच ‘आय डिड माय ग्रॅज्युएशन’. तिकडे ग्रॅज्युएशन हा बहुतेकदा एका दिवसाचा सोहळा असतो, झगा-टोपी घालून फोटो काढायचा. तीन-चार वर्षं करायची ती ‘डिग्री’. आणि एटीकेटी लागली असेल तर तिचा उल्लेखही करू नकोस. ती समजावून सांगण्यातच मुलाखतीची वेळ संपेल.

उलट्या बाजूनेही असंच फसायला होतं, ते भावाला ऐकव. इंग्लंडमधला कोणी ‘आय लेफ्ट स्कूल अॅट एटीन’ म्हणाला की आपल्याला वाटतं, अरेरे, पोराने शाळा सोडली. त्याने सोडली नाही, संपवली. शाळा पुरी केलेल्यांना तिथे ‘स्कूल लीव्हर्स’ म्हणतात. आता घरातलं लोखंडी कपाट उघड, प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाच्या खाली एक पिवळट कागद असेल, चार घड्या घातलेला, घडीवर सेलोटेप मारलेला. त्यावर छापलंय ‘शाळा सोडल्याचा दाखला’. भावाच्या घरीही आहे. त्यावरून कोणी त्याला शाळा सोडलेला म्हणालं तर कसं वाटेल, विचार त्याला. ग्रुपवर नको, फोनवर विचार. ग्रुपवर उत्तर दिलंस की त्याला प्रत्युत्तर द्यावंच लागेल, आणि मग मावश्या-काकवा अंगठे दाखवत बसतील.

बाबांचं मात्र ग्रुपवरच कर. अपमान चारचौघांत झाला, तर भरपाईही चारचौघांत व्हायला हवी. फार लिहू नकोस. केंब्रिजच्या त्या नोंदीचा स्क्रीनशॉट टाक आणि खाली एवढंच, ‘बाबा बरोबर होते, दुसरा अर्थ बघा.’ बास. त्याखाली भावाचं नाव घालायचा मोह होईल, आवर.

तोंड उघडत नाही म्हणतोस, ते मला या सगळ्यापेक्षा जास्त खटकतं. अरे, तू ज्या वाक्यावर अडकलायस त्यात व्याकरणाची एकही चूक नाही. काळ बरोबर, शब्दांचा क्रम बरोबर. फक्त एक शब्दजोडी अशी निघाली जिचा तिकडचा अर्थ वेगळा. हे इंग्रजांचं आणि अमेरिकनांचं आपसातही होतं. इंग्रज माणूस अमेरिकेत जाऊन खोडरबर मागताना ‘रबर’ म्हणाला की तिथे लोक खाली माना घालून हसतात, का ते तू गूगल कर, मी इथे लिहिणार नाही. ती माणसं लगेच बोलायची थांबतात का? तू तर त्या ‘थँक यू मॅम’नंतरही मुलाखत पार पाडलीस. खरं सांगायचं तर तुझा पुढचा सगळा संवाद त्यांना पटला म्हणूनच बोलावणं आलं.

पुढच्या वेळी समोरचा हसला आणि का ते कळलं नाही, तर आभार मानू नकोस, विचार. ‘सॉरी, डिड आय से समथिंग फनी?’ असं हसत विचारलं की समोरचा स्वतःच समजावून सांगतो आणि दोघंही मोकळे होतात. दुसऱ्या फेरीत त्याच बाई असल्या आणि त्यांनीच विषय काढला, तर ‘इन इंडिया वी पास आऊट ऑफ कॉलेज, फुली कॉन्शस’ असं म्हणून टाक. त्यांनी नाही काढला, तर तूही काढू नकोस.

शिक्षणाच्या प्रश्नाला उत्तर असं ठेव: ‘आय डिड माय डिग्री इन मेकॅनिकल इंजिनिअरिंग हिअर इन नाशिक, अँड ग्रॅज्युएटेड इन ट्वेंटी ट्वेंटी टू. सिन्स देन आय हॅव बीन वर्किंग इन क्वालिटी.’ दोन वाक्यं, घरात मोठ्याने म्हणून बघ, बाबांसमोर म्हटलंस तर आणखी बरं. शिक्षणावर यापेक्षा जास्त वेळ घालवू नकोस, दुसऱ्या फेरीत ते कामाचं विचारणार. कोणता पार्ट तपासतोस, मायक्रोमीटरने की सीएमएम या मोजमापाच्या यंत्रावर, रिजेक्शन वाढलं तेव्हा कारण कसं शोधलंस, लाइन थांबवायचा निर्णय कधी तू घेतलास का. याची तयारी कर, आकड्यांसकट. आणि नोटीस पीरियड किती आहे ते अपॉइंटमेंट लेटर काढून आजच बघून ठेव. तो प्रश्न नक्की येतो, आणि तिथे ‘बघून सांगतो’ म्हणणं बरं दिसत नाही.